धर्मात्मा ते फँड्री : सिनेमातल्या गंगास्नानाची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही 'सुजाता' दाखवला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अभ्यासिकेतली पोरं-पोरी आणि वस्तीतल्या आयाबाया मिळून आम्ही एक सिनेमा बघतो. उसना आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंज्या. आवाज स्पीकरवर नीट येत नाही, मधेच लाईट जाते, तरी माणसं बसतात.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ चा. कॉलऱ्यात आईबाप गेलेली एक अस्पृश्य पोर ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. घरातली आई, चारू, तिला कधी मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या 'सारखी'त सगळा सिनेमा आहे. शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि सुजाताचंच रक्त जुळतं. मग ती मुलगी होते. नूतनचा चेहरा बघताना आयाबाया पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. मीही रडले. एम.ए.ला असताना मी याच सिनेमावर निबंध लिहिला होता आणि त्यात 'मानवतावादी' हा शब्द किमान सहा वेळा वापरला होता. तो निबंध आज सापडला तर मी लपवून ठेवेन.

लाईट लावल्यावर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, रक्त जुळलं नसतं तर?"

कुणी काही बोललं नाही. मग आमचेच एक जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, जरा चिडून म्हणाले, "अगं, त्या काळात एवढं दाखवलं हेच खूप. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची नसते."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. जातीवरच्या कुठल्याही जुन्या सिनेमाबद्दल बोललं की ते येतंच. मुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आणि काकांशी भांडण्यासाठी म्हणून हा लेख लिहिते आहे. काका वाचतील, त्यांना आधीच सांगितलंय.

तर 'त्या काळात' म्हणजे नेमकं काय? त्या काळात खुद्द बाबासाहेबांनी एका सिनेमाबद्दल लिहून ठेवलंय. आपल्यातल्या फार थोड्यांच्या ते लक्षात असतं, कारण ते सिनेमाच्या नावाने लिहिलेलं नाही. 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात एका वाक्यात आलंय.

संदर्भ असा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'धर्मात्मा' आला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. सिनेमाचं आधीचं नाव 'महात्मा' होतं; सेन्सॉरने ते चालू दिलं नाही, कारण तेव्हा महात्मा म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येत होता. सिनेमात एकनाथ अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवतात, ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतात आणि शेवटी त्यांचंच खरं ठरतं. येवल्याच्या घोषणेने हादरलेल्या स्पृश्य समाजाला हा सिनेमा किती सोयीचा वाटला असेल याचा विचार करा. बघा, आमच्या धर्मात असेही संत झाले. तुम्ही सोडून कशाला जाता?

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण आधी मागितलं, वाचलं आणि मग परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली, संतांचे दाखले दिले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी त्याला उत्तर जोडलं, आणि त्या उत्तरात 'धर्मात्मा'चा नावानिशी उल्लेख आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सिनेमात एकनाथांना नायक केलंय, कारण त्यांनी अस्पृश्यांना शिवण्याचं आणि त्यांच्याबरोबर जेवण्याचं धाडस दाखवलं, पण एकनाथांनी ते जातीला आणि अस्पृश्यतेला विरोध म्हणून केलं नव्हतं, तर झालेला विटाळ गंगेत आंघोळ केल्याने धुतला जातो अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून केलं. आधाराला त्यांनी 'एकनाथी भागवता'तली ओवीही तळटिपेत दिली आहे.

एकनाथांवर तुम्ही वेगळं मत ठेवू शकता. महाराच्या तोंडून जोहार घालणारी भारुडं त्यांनीच लिहिली, हेही खरं आहे. पण इथे मुद्दा एकनाथांचा नाही, बघण्याच्या पद्धतीचा आहे. अख्खा महाराष्ट्र बालगंधर्वांचा एकनाथ बघून गहिवरत असताना एका माणसाने विचारलं की जेवून उठल्यावर हा नायक कुठे गेला? शिवला ते दिसलं. धुतलं कुठे, ते पडद्यावर का नाही? आणि हे 'त्या काळात'च विचारलं. त्यामुळे काका, काळाची सबब चालणार नाही.

तेव्हापासून मी जातीवरचा कुठलाही सिनेमा बघताना हेच शोधते. यात गंगास्नान कुठे आहे? आणि खरं सांगते, बहुतेक वेळा सापडतं.

त्याच १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. देविका राणी आणि अशोक कुमार, दिग्दर्शक जर्मनीहून आलेले फ्रान्झ ऑस्टन. देविका राणी टागोरांच्या नात्यातल्या. भुवया कोरलेल्या, केस जागच्या जागी. आमच्या पोरी ते बघून हसू आवरू शकल्या नाहीत. प्रेम होतं, लग्न होत नाही, दोघांची लग्नं आपापल्या जातीत लागतात. शेवटी फाटकावर मारामारी सुरू असते, समोरून गाडी येते, ती थांबवायला कस्तुरी रुळांवर धावते आणि मरते. मग तिचं स्मारक होतं. म्हणजे मुलीला जात ओलांडून जगता आलं नाही, पण मेल्यावर पूजता आलं. गावाला काहीही बदलावं लागलं नाही. तिचं मरण हेच गावाचं गंगास्नान.

याच्या जोडीला दक्षिणेतली एक गोष्ट ठेवून बघा. मल्याळममधला पहिला सिनेमा 'विगतकुमारन', जे. सी. डॅनियल यांचा, साधारण १९३० चा. त्याची नायिका पी. के. रोझी ही पुलय या अस्पृश्य जातीची, आणि पडद्यावर तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुअनंतपुरमला खेळ लागला तेव्हा सवर्णांनी पडद्यावर दगड मारले, तिचं घर जाळलं, तिला मुलूख सोडून तामिळनाडूत जावं लागलं. तिने तो सिनेमा धड बघितलाही नाही असं सांगतात. तर नियम असा होता : उच्चकुलीन देविका राणी अस्पृश्य झाली तर कौतुक, अस्पृश्य रोझी नायर झाली तर दगड. हे दगड लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पुन्हा 'सुजाता'. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. आमची आजी कडेवर माझ्या मोठ्या मामाला घेऊन तिथे होती. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या या सिनेमात बुद्ध आहेत, पण आडून. सुजाता हे नाव खीर देणाऱ्या सुजातेचं. भिक्खू आनंद आणि चांडाळ कन्येची जी कथा टागोरांनी 'चंडालिका'त घेतली, तिचा धागा सिनेमात आहे. गांधी तर उघडच आहेत. पावसाच्या रात्री जीव द्यायला निघालेली सुजाता गांधींच्या स्मारकापाशी थांबते. पण तीन वर्षांपूर्वीच ज्या माणसाने अस्पृश्यतेवरचं उत्तर म्हणून बुद्ध दिला, त्याचा मागमूस नाही. सुजाताला एकदाही राग येत नाही. ती शिकत नाही, तिची 'बहीण' कॉलेजात जाते आणि ही झाडांना पाणी घालते, रक्त देते. म्हणून त्या मुलीचा प्रश्न मला इतका टोचला. रक्त जुळलं नसतं तर ती 'सारखी'च राहिली असती. माणूस म्हणून स्वीकारायला डॉक्टरचा रिपोर्ट लागला.

(१९८२ च्या 'गांधी'मध्ये तर तीन तासांत बाबासाहेब एकदाही दिसत नाहीत. गोलमेज आहे, पण पुणे करार नाही. त्या सिनेमाला आपल्या सरकारचा पैसाही होता. पुढे जाते, नाहीतर रात्र होईल.)

सत्तरच्या दशकातले सिनेमे मला कॉलेजात फार आवडायचे आणि आजही त्यातले काही आवडतात. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. श्याम बेनेगलांचा 'अंकुर' १९७४ चा. तेलंगणातलं खेडं, जमीनदाराचा शिकलेला मुलगा सूर्या, त्याच्या घरी काम करणारी लक्ष्मी आणि तिचा नवरा किश्तय्या. किश्तय्या दलित, कुंभारकाम करणारा, आणि मुका-बहिरा. १९८० चा गोविंद निहलानींचा 'आक्रोश', पटकथा तेंडुलकरांची. त्यातला आदिवासी लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, जवळपास सिनेमाभर तोंड उघडत नाही. त्याची बाजू मांडायला वकील आहे, आडनाव कुलकर्णी.

आता तारखा बघा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली. आपली माणसं इतिहासात क्वचितच बोलली असतील इतक्या मोठ्याने त्या दशकात बोलत होती आणि नेमक्या त्याच वेळी समांतर सिनेमातला पीडित मुका होता. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. दिग्दर्शक प्रामाणिक होते. पण प्रामाणिक माणसालाही जो दलित सुचला तो बोलत नव्हता. बोलणारा दलित बघायचा असेल तर आनंद पटवर्धनांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड' बघा. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारापासून पुढे चौदा वर्षं चित्रित केलेला. त्यात बाया गातात, पोरं वाद घालतात, कुणी हुंदक्यातसुद्धा गप्प बसत नाही.

'अंकुर'चा शेवट मात्र मी विसरू शकत नाही. सूर्या किश्तय्याला चाबकाने फोडतो, लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते, आणि सगळं झाल्यावर एक लहान मुलगा सूर्याच्या घराच्या काचेवर दगड मारून पळतो.

सगळ्यात प्रामाणिक सवर्ण सिनेमा कुठला असं मला विचाराल तर मी सत्यजित रायांचा 'सद्गती' सांगेन. प्रेमचंदांच्या कथेवर १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराहूनही छोटा. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला गेलेला दुखी पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडत मरतो. ओम पुरी आणि स्मिता पाटील. पंडित घासीराम म्हणजे आपले मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधल्या नानाने हे नाव घ्यावं याची मराठी माणसाला गंमत वाटेल. प्रेताला हात कसा लावायचा म्हणून पंडित पायात दोरीचा फास अडकवून ते ओढत नेतो. आणि शेवटी? परत येऊन तो त्या जागेवर पवित्र पाणी शिंपडतो. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये जे न दाखवलेलं बोट ठेवून दाखवलं, तेच रायांनी शेवटच्या दृश्यात समोर ठेवलं. इथे प्रेक्षकाला रडून मोकळं होता येत नाही. आमच्या विहारात हा सिनेमा संपल्यावर कुणीही रडलं नाही. एक आजी उठली, चपला घातल्या आणि काही न बोलता घरी गेली.

'लगान'वर फार लिहीत नाही. २००१ चा सिनेमा, कथा १८९३ ची. कचरा नावाच्या अस्पृश्याला भुवन संघात घेतो, जातीवर एक भाषण देतो, गाव ऐकतं. कचराची फिरकी पडते कारण त्याचा हात अधू आहे. कष्टाने कमावलेली कला नाही, अपंगत्वाचा योगायोग. आणि खरा इतिहास काय? त्याच सुमारास पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा चांभार जातीचा तरुण गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखत होता आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत होता. त्यातून तो देशातला अव्वल डावखुरा फिरकीपटू झाला. हिंदूंच्या संघात घेतला तरी चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते पुढे त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, हा भागही लपवायचं कारण नाही. माणूस म्हटला की एवढं सगळं येतं. कचरामध्ये यातलं काही नाही, त्याला फक्त भुवनकडे कृतज्ञतेने बघायचंय.

अलीकडचं बघताना मला बरं वाटतं, पण सावधपणे. २०१९ चा 'आर्टिकल १५' बघा : विषय आपल्या मुलींच्या खुनाचा, नायक ब्राह्मण पोलीस अधिकारी. धर्मात्म्याला वर्दी मिळाली एवढंच. याउलट नीरज घायवान यांचा 'मसान' (२०१५). बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम घरातला दीपक वरच्या जातीच्या शालूवर प्रेम करतो. त्यातही गंगा आहे, पण विटाळ धुवायला नाही. पोरगा तिच्यात एक अंगठी फेकतो आणि मग तीच शोधायला वेड्यासारखा उडी मारतो. घायवान स्वतः दलित आहेत, हे त्यांनी उघड सांगितलंय. त्यांच्याच २०२१ च्या 'गीली पुच्ची'त कारखान्यातल्या भारतीला चहा कपात न देता स्टीलच्या पेल्यात येतो. बाळूच्या मातीच्या भांड्यापासून इथपर्यंत शंभरहून जास्त वर्षं.

आणि तमिळमधला 'परियेरुम पेरुमाळ', २०१८, मारी सेल्वराज यांचा, निर्माते पा. रंजित. मी हा मोबाईलवर, एस.टी.त, सबटायटल वाचत बघितला आणि माझा स्टॉप मागे गेला. लॉ कॉलेजात शिकणारा परियन. त्याच्या कुत्रीला सवर्ण पोरं रुळांवर बांधून मारतात. शेवटाकडे त्यालाही रुळांवरच मारायचा डाव असतो, पण तो मरत नाही. कस्तुरी १९३६ मध्ये रुळांवर मेली होती. तो उठतो आणि मैत्रिणीच्या बापाला शांतपणे सांगतो की तुम्ही असेच राहिलात तर काहीच बदलणार नाही. त्याला कुणी मिठी मारत नाही, कुणी रक्त घेत नाही. टेबलावर चहाचे दोन ग्लास, मधे एक फूल.

'फँड्री' मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो दाखवायचा ठरला तेव्हा भांडण बाहेरच्यांशी झालं नाही, आमच्याआमच्यात झालं.

नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला. कैकाडी घरातला जब्या, वर्गातल्या शालूवर जीव. ('मसान'मधलीही शालूच. दोन्हीकडे पोरगी वरच्या जातीची आणि नाव एकच, हे बघून आमची पोरं खूश झाली.) बापाचं नाव कचरू. आपल्याकडे ही नावं कशी पडली ते तुम्हाला सांगायला नको. शाळेजवळ डुक्कर पकडायचं असतं, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब ताठ उभं राहतं आणि डुक्कर पळून जातं. नंतर डुक्कर काठीला बांधून बापलेक निघतात, मागे शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीमाई, बाबासाहेब, गाडगेबाबा रंगवलेले. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. रोझीच्या वेळी दगड प्रेक्षकांकडून पडद्याकडे गेला होता. 'अंकुर'मध्ये तो पडद्यातल्या काचेवर फुटला. इथे तो बाहेर आला.

आमच्या बैठकीत एक जण म्हणाले, "विहारात डुकरं कशाला दाखवायची? आपण ते सगळं सोडून दिलंय. आपली पोरं इंजिनिअर होतायत." दुसरे म्हणाले, "ती गोष्ट कैकाड्यांची आहे, आपली नाही."

मी गप्प झाले. आमच्या वस्तीच्या नाल्यापलीकडे भटक्या समाजाची पंचवीस-तीस घरं आहेत. त्यांची पोरं आमच्या नळावर येतात, अभ्यासिकेत येत नाहीत. मी सात वर्षं तिथे काम करते आणि मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं की का येत नाहीत. एकनाथांच्या आंघोळीवर इतकं बोलणारी मी.

भांडण तासभर चाललं. शेवटी काकांनीच, त्याच 'खोट काढू नये'वाल्या काकांनी, सांगितलं की सिनेमा होणार आणि नाल्यापलीकडे निरोप द्यायला मी स्वतः जाईन. ते गेले. रविवारी आठ-दहा पोरं आली, दोन बायाही आल्या. सतरंज्यांवर जागा होती, तरी पोरं दाराशी चपलांच्या ढिगाजवळच बसली. पुढे या म्हटलं तर मान हलवायची आणि तिथेच. लाईट बंद करायच्या आधी 'सुजाता'च्या वेळी प्रश्न विचारणारी ती अकरावीची मुलगी उठली, तिने पुढची सतरंजी उचलली, दाराशी नेऊन अंथरली आणि स्वतःही तिथेच बसली. तिच्या मागोमाग आणखी तिघी-चौघी गेल्या. मग काकांनी प्रोजेक्टरचं टेबल सरकवलं, कारण आता चादर मागून नीट दिसत नव्हती. वायर पुरेना. एक्स्टेंशन बोर्ड आणायला कुणीतरी पळालं आणि सिनेमा पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला.